पाच कणग्या

त्या वर्षी गारा पडल्या त्या फाल्गुनात, दुपारच्या जेवणानंतर, आणि फार तर पान खाऊन होईल एवढाच वेळ पडल्या. एवढ्यात काय होणार, असं कोणालाही वाटेल. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही तसंच वाटलं. ते ओसरीवर उभे राहून शेळ्यांच्या खोपटावरच्या पत्र्याचा आवाज ऐकत होते आणि दर थोड्या वेळानं म्हणत होते, "थांबंल आता." आईनं अंगणात लोखंडी तवा उलटा टाकला. तसं केलं की गारा थांबतात, अशी आमच्याकडं समजूत होती. आता तव्यावरही गारा वाजू लागल्या, एवढाच फरक पडला. थांबल्यावर आम्ही सगळे शेतात गेलो. काढणीला आलेला गहू चिखलात निजला होता, हरभऱ्याचे घाटे फुटून दाणे गारांत मिसळले होते, आणि कांद्याची पात तर कोणी निवांत बसून चिरावी तशी चिरली होती. आप्पांनी एक गार उचलली आणि तोंडात टाकली. का टाकली, ते मला आजही सांगता येणार नाही. "गार हाय," एवढंच म्हणाले आणि घराकडं वळले.

आमचं गाव चांदवडच्या डोंगरापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. घरात आम्ही चौघं. आप्पा, आई, पंधरा वर्षांची आक्का, आणि दहा वर्षांची मी. आक्काचं नाव सगुणा होतं, पण त्या नावानं तिला हाक मारलेली मी फारशी ऐकली नाही. ती कमी बोलायची आणि हसताना तोंड मिटून हसायची. माझं नेमकं उलटं होतं. मला कोणी काही विचारलं नाही तरी मी सांगायची, आणि विचारलं तर मग बघायलाच नको. आईचं म्हणणं असं, की देवानं दोघींच्या वाटणीचं बोलणं चुकून एकीलाच दिलं. पुढं जे घडलं त्यात या वाटणीची अदलाबदल झाली, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

गारांचा मार खाल्लेला कांदा टिकत नाही. तो आतून सडायला लागतो आणि बाहेरून चांगला दिसतो. आम्ही होता नव्हता तो कांदा काढून पडवीत पसरला आणि रोज सकाळी त्यातले नासलेले वेचून उकिरड्यावर टाकू लागलो. तो वास घरात इतका भरला, की अंगावरची गोधडी, पाण्याचा माठ, देवाजवळचं कुंकू, सगळ्याला कांदा लागला. जो सडायच्या बेतात आहे तो आधी खायचा, असा आईचा नियम होता. त्यामुळं महिनाभर आम्ही कांद्याची भाजी, कांद्याचं पिठलं, कांद्याचं थालीपीठ आणि चुलीत भाजलेला कांदा यांवर राहिलो. एकदा आईनं गुळात कांदा शिजवून पाहिला. तो प्रकार आम्ही कुत्र्याला घातला, आणि कुत्र्यानं तो उचलून तिसऱ्या घराच्या दारात नेऊन ठेवला. आता मी नाशकात मुलाकडं राहते. सून बाजाराला निघाली की मी तिला कांदे दोन किलोच आण म्हणते. तिला वाटतं, सासूबाई काटकसरी आहेत.

पाडव्याच्या आधी तलाठ्यानं चावडीवर एक कागद वाचून दाखवला. गारपीट झालेल्या गावांना सरकार यंदाचा सारा माफ करणार होतं, आणि वर पुढच्या पेरणीच्या बियाण्यासाठी दर घराला रोख पैसे देणार होतं. हे पैसे परत करायचे नव्हते. तोवर शांत बसलेल्या लोकांत या वाक्यानं गडबड उडाली. सरकार पैसे घेतं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणाची फारशी तक्रारही नव्हती. देतं आणि परत मागत नाही, हे मात्र कोणाला पटेना. एक जण म्हणाला, बैल नेतील. दुसरा म्हणाला, बैल नाही, पोरं नेतील. आमच्या शेजारचे नामदेवकाका बराच विचार करून म्हणाले, "परत नाय द्यायचं ते खरं. पर कदी परत नाय द्यायचं?" तलाठ्यानं ते वाक्य तीनदा वाचलं. शेवटी, परत करायचे नाहीत पण अंगठा उठवावा लागेल, असं कळलं तेव्हा लोकांचा जरा विश्वास बसला.

त्याला एक अट होती. चांदवडहून तलाठ्याच्या वरचे सर्कलसाहेब येणार आणि गावातलं एक घर नमुन्यादाखल आतून बघणार. त्या घरात खायला दाणा किती उरला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून पत्रकात लिहिणार, आणि त्या एका घरावरून सगळ्या गावाचं ठरणार. तलाठी भला माणूस होता. त्यानं या कामासाठी नामदेवकाकांचं घर ठरवून ठेवलं. त्या घराच्या छपराचं एक पाखं गारांनी बसलंच होतं. साहेब येणार होते मंगळवारी. आणि आदल्या दिवशी, सोमवारी, आक्काला बघायला येवल्याकडचे पाहुणे येणार होते.

हे स्थळ गारांच्या आधीच सांगून आलं होतं. बारमाही विहीर, चार बैल, एकुलता मुलगा. आमच्याकडं तेव्हा मुलगी बघायला येत असत म्हणजे खरं तर घर बघायला येत असत. गोठा बघायचे, उकिरडा किती मोठा आहे ते बघायचे, कारण उकिरड्यावरून जनावरं कळतात, आणि मग आत येऊन धान्याच्या कणग्या बघायचे. तुरकाठ्यांच्या विणलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या, पुरुषभर उंच कणग्या. त्या भरलेल्या असल्या म्हणजे मुलीला बोलवा म्हणायचे. आमच्या दोन कणग्या होत्या. त्यातल्या एकीत तळाला चारसहा पायल्या बाजरी होती आणि दुसरीत मांजरी व्यायली होती.

आप्पांचं मत पडलं, पाहुण्यांना पुढल्या साली या म्हणून कळवावं. आई म्हणाली, "गारा पट्ट्यानं पडल्या. त्यांच्याकडं नाय पडल्या. आपल्याकडं पडल्या आन दाणा नाय, हे त्यांना कळालं का संपलं. आवंदा नाय म्हनलं तर पुढल्या साली कोन इचारतंय?" आप्पा गप्प बसले. त्यांचा तो स्वभावच होता. भांडण नको, आवाज नको, समोरचा म्हणेल ते. आईनं ते गप्प बसणं होकार म्हणून धरलं आणि पदर खोचून कामाला लागली.

पुढच्या चार दिवसांत अर्धं गाव आमच्या घरी आलं, म्हणजे माणसं नव्हे, सामान. नामदेवकाकांनी त्यांची पांढरी बैलजोडी आमच्या गोठ्यात आमच्या जोडीशेजारी आणून बांधली. ती जोडी रोज संध्याकाळी दावं सोडवून आपल्या घरी जायची आणि रोज सकाळी काका तिला परत आणून बांधायचे. पिंजारीचाचांनी, त्यांच्याकडं चांदवडच्या कोणा सावकाराच्या गाद्या नव्या करायला आल्या होत्या त्यातल्या दोन गाद्या आणि तीन लोड आणून टाकले, आणि पाहुण्यांनी तेलकट डोकं टेकवायचं नाही, एवढंच बजावलं. तीन रिकाम्या कणग्या तीन घरांतून आल्या. दोन माणसं एक एक कणगी आडवी धरून गल्लीतून नेत होती आणि मी पुढं पळत "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत होते. पाचही कणग्यांत गळ्यापर्यंत गव्हाचा भुसा दाबून भरला. भुशावर पोतं अंथरलं. पोत्यावर वीतभर बाजरी.

ती वीतभर बाजरी आमच्याकडं नव्हती. ती घरोघरून आली. कोणी सूपभर दिली, कोणी पायली. पलीकडच्या आळीत भीमाकाकू नावाची एकटी बाई राहायची, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. ती आपण होऊन दोन पायल्या घेऊन आली. आई नको म्हणाली, तेव्हा म्हणाली, "परवा परत नेते की. मंगळवारापर्यंत काय मी उपाशी मरती व्हय?" देताना कोणी तोंड वाकडं केलं नाही. पाहुणे सोमवारी येऊन जाणार, सोमवारीच दिवेलागणीच्या आत दाणे घरोघर परत जाणार, मंगळवारी साहेबांना नामदेवकाकांचं घर दाखवायचं. हिशेब सरळ होता.

आणखी एक काम उरलं होतं, ते म्हणजे मी. माझ्या तोंडाची आईला धास्ती होती. मला गप्प बसवणं जमणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मला काय बोलायचं ते शिकवलं. पाहुण्यांनी काही विचारलं तर सांगायचं, आमच्याकडं काही कमी नाही, पाच कणग्या भरल्यात, बैलांच्या दोन जोड्या आहेत, गारा पडल्या पण आमच्या शिवारात थोड्याच. चार दिवस भाकरी थापताना ती मला हे म्हणायला लावी. मी ते घोकलं, झोपेतही म्हटलं, आणि मला त्याचा गर्व वाटू लागला. दुसऱ्या दिवसापासून ते सगळं मला खरंच वाटत होतं.

सोमवारी आईनं मांडे करायला घेतले. आमच्या भागात मांड्यांवर बाईची परीक्षा होते. पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. जुना गहू कोणाकडून तरी आला होता, तूप चौथ्या घरचं होतं, खापर मात्र आमचं. कांद्याचा वास जावा म्हणून आक्कानं पडवीत कडुलिंबाचा पाला जाळला होता, त्यामुळं घराला आता पाला, तूप आणि कांदा असा तिन्हींचा वास येत होता. मला गावाबाहेरच्या विहिरीवर बसवलं होतं. पाहुणे दिसले की धावत येऊन सांगायचं.

पाहुणे आले ते ओढ्याच्या वाटेनं, थेट घरी. मला त्याचा पत्ताच नाही. मी आपली मोठ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली. तिकडून कोट घातलेला एक माणूस सायकल हातात धरून चालत आला. चाकात बाभळीचा काटा घुसला होता. त्याच्या पायात बूट होते. बूट घातलेला माणूस मी त्याआधी दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा तो कोणाचा ना कोणाचा पाहुणा होता. त्यानं विहिरीवर पाणी मागितलं. मी ओंजळीवर पाणी ओतलं. तोंड पुसून त्यानं विचारलं, "काय गं, तुमच्या गावात गारांनी बरंच नुकसान झालं म्हणतात?"

मी उभी राहिले. हात मागं घेतले आणि एका दमात म्हणाले, "आमच्याकडं काय बी कमी नाय. पाच कणग्या भरल्यात. बैलाच्या दोन जोड्या हायेत. गारा पडल्या पर आमच्या शिवारात थोड्याच."

"असं?" तो म्हणाला. "घर कुठं तुमचं?"

"चला की, दाखवते," मी म्हणाले, आणि सायकलीला मागून हात लावून सर्कलसाहेबांना घरी घेऊन गेले. साहेब मंगळवारी यायचे ते सोमवारीच का आले, ते कोणालाच कधी कळलं नाही. साहेबाला यायला कारण लागत नाही.

घरात पाहुणे गाद्यांवर बसले होते. मुलाचे वडील, मोठा पटका बांधलेले, लोडाला टेकून. शेजारी मुलाचा मामा. मुलगा रीतीप्रमाणे बाहेर बैलांजवळ थांबला होता. कणग्या बघून झाल्या होत्या, मांड्यांची ताटं मांडली होती. मोठ्या पाहुण्यांनी एकीवर बोटांनी टकटक करून पाहिलं होतं आणि "भरीव हाय" म्हणाले होते, असं मला मागाहून कळलं. आक्का पानांचं तबक घेऊन नुकतीच बाहेर येत होती. तेवढ्यात मी दारात ओरडले, "आणखी एक पाव्हणं आलं!"

आप्पांनी त्या माणसाला ओळखलं. ते उठले आणि उठलेलेच राहिले. मोठे पाहुणे मात्र खूश झाले. घरी कोटवाला साहेब येतो म्हणजे घराणं वजनदार असणार. त्यांनी सरकून जागा केली आणि "या, या, बसा" म्हणाले. साहेब बसले नाहीत. त्यांनी बोटानं कणग्या मोजल्या, एकीचं झाकण उचलून आत पाहिलं, खिशातून कागद काढला आणि शाईच्या पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं. जीभ जांभळी झाली. एवढ्यात तलाठी धापा टाकत आला. साहेबांना नमस्कार करून त्यानं कणग्यांकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं, आणि त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेना.

"तलाठीभाऊ," साहेब म्हणाले, "तुम्ही तर लिहिलं होतं, गावात महिन्याचासुद्धा दाणा नाही."

तलाठी खोकतच होता.

साहेब आप्पांकडं वळले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, ते आपलं काम करत होते. "हे धान्य तुमचं का? तुमचं असेल तर तसं सांगा, मी लिहून घेतो. एका घरात पाच कणग्या असतील तर या गावाला मदत बसत नाही. पत्रक तसंच परत जाईल."

आता हे समजून घेतलं पाहिजे. आप्पांनी 'हो' म्हटलं असतं, तर गावाचं बियाणं गेलं. 'नाही' म्हटलं असतं, तर आक्काचं लग्न गेलं. आणि ज्यांनी ऐकायचं ते सगळे एकाच खोलीत बसले होते. दारात गर्दी जमली होती. नामदेवकाका होते, चाचा होते, भीमाकाकू होती. साहेब काय म्हणाले ते त्या प्रत्येकाला कळलं होतं. "बाजरी माझी हाय" एवढं त्यातल्या कोणीही म्हटलं असतं, तर साहेबांनी लिहून घेतलं असतं. एकही माणूस बोलला नाही. चाचा छपराकडं बघत होते. भीमाकाकूनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि ती आक्काकडं बघत होती. मुलगी गावाची होती, तिचं मोडायचं नव्हतं. पुढल्या पेरणीचं काय व्हायचं ते होवो. मी दहा वर्षांची होते, पण मी काय करून ठेवलं ते मला तिथं, त्या दारात कळलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी खांबामागं जाऊन बसले.

आप्पा जमिनीकडं बघत होते. साहेबांनी पुन्हा विचारलं.

आक्कानं तबक गादीवर ठेवलं. ती कणगीजवळ गेली, झाकण खाली उतरवलं, वरची बाजरी दोन्ही हातांनी बाजूला केली, पोत्याचं टोक धरलं आणि ओढलं. बाजरी जमिनीवर सांडली आणि मागोमाग भुसा उडाला. साहेबांच्या कोटावर, पाहुण्यांच्या पटक्यावर, मांड्यांच्या ताटांवर. साहेबांना तीन शिंका आल्या.

"सायेब, आत भुसा हाय," आक्का म्हणाली. "पाचींत बी. वरली बाजरी लोकांची हाय. उसनी आनली, पाव्हन्यांना दाखवाया. पांढरं बैल नामदेवकाकांचं हायेत. तुमी लिवा, गावात दाणा नाय म्हनून." मग ती मोठ्या पाहुण्यांकडं वळली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "मांडे तेवढे खाऊन जावा. ते आईनंच केल्यात."

तिला सलग एवढं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पाहुण्यांनी मांडे खाल्ले. अन्नावरून उठणं त्यांनाही बरं वाटलं नसतं. भुसा झटकून झटकून खाल्ले, चूळ भरली, आणि निघताना मोठे पाहुणे आप्पांना म्हणाले, "पोरगी धीट हाय." तोतरी आहे, तिरळी आहे, असं सांगतात त्या सुरात म्हणाले. मग म्हणाले, "कळवतो." त्यांनी काही कळवलं नाही.

परवा टीव्हीवर गारपिटीचे पंचनामे दाखवत होते. दिंडोरीकडच्या कुठल्याशा द्राक्षबागेत एक अधिकारी उभा राहून वहीत लिहीत होता. सगळे घड खाली पडले होते. माझं लक्ष तिकडं नव्हतं. शेतकऱ्याच्या मागं त्याची मुलगी उभी होती, ती काही बोलते का ते मी बघत होते. ती बोलली नाही. नातू म्हणाला, "आजी, रडतेस कशाला, भरपाई मिळेल त्यांना."

त्या सोमवारनंतर पंधरा दिवसांनी आमच्या गावाची मदतीची यादी आली. तलाठ्यानं चावडीवर नावं वाचली. गावातलं प्रत्येक घर तिच्यात होतं, आमचं सोडून. साहेबांनी पत्रकात लिहिलं होतं, गावात दाणा नाही, मदत द्यावी. आणि खाली शेरा मारला होता, की सदर घरानं सरकारी अधिकाऱ्याची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला, सबब हे घर वगळून. तलाठी बिचारा चांदवडला जाऊन आला. साहेबांना त्यानं सांगितलं, की दिशाभूल पाहुण्यांची करायची होती, सरकारची नव्हे. साहेब म्हणाले, ते त्यांना समजतं, पण पत्रकात पाहुण्यांसाठी रकाना नाही. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय." आई मात्र चुलीपुढं बसून रडली. मीही तिच्याशेजारी बसून रडले. तिनं मला एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं.

उसन्या वस्तू त्याच सोमवारी परत गेल्या होत्या. चाचांनी गाद्या भुशासकट उचलून नेल्या आणि दोन दिवस त्या झोडपत बसले. बैल तर कोणी सोडायच्या आत गेले. बाजरी तेवढी भुशात मिसळून राहिली. सांडलेली आणि बाकीच्या कणग्यांतली सगळी बाजरी आई आणि आक्कानं ते पंधरा दिवस पाखडून, चाळून एका कणगीत भरली होती. यादी आल्यावर आप्पा पायलीचं माप आणि पोतं घेऊन घरोघर गेले. पहिल्या घरी म्हणाले, "तुमची येक पायली." त्या घरची बाई म्हणाली, "आमची? आमी कवा दिली?" दुसऱ्या घरी कोणाला काही आठवत नव्हतं. नामदेवकाका म्हणाले, त्यांच्या घरात तर दाणाच नव्हता, तसं सरकारनं लिहून दिलंय, मग ते देतील कुठून? सरकारला खोटं पाडू का? भीमाकाकूनं दारच उघडलं नाही. आतून म्हणाली, "मी घरात नाय." आप्पा भरलेलं पोतं खांद्यावर घेऊन परत आले. ओसरीवर ते उतरवलं आणि त्याच्याकडं बराच वेळ बघत बसले. त्यातली थोडी पेरली, बाकीची आम्ही श्रावणापर्यंत खाल्ली.

कितीतरी वर्षांनी, आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, मी आक्काला विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "वाटलं तर. मुलगा चांगला होता. खिडकीतून बघितला मी. घंगाळ भरून आधी बैलांना पाजलं त्यानं, मग स्वतः प्याला." मग बोललीस कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "कोणीच बोलेना. किती वेळ उभं राहायचं?" माझ्या चुकीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तेव्हाही बोलली नव्हती.

त्यानंतर आक्काला बघायला जे जे आले, त्यांना आप्पांनी गूळपाणी द्यायच्या आधी आत नेलं. ही कल्पना आईची नव्हती, कोणाचीच नव्हती, आप्पांनी कोणाला विचारलंही नव्हतं. ते पाहुण्यांना थेट कणगीपाशी घेऊन जात, झाकण काढत आणि म्हणत, "हात घालून बघा. हाय ते येवढंच हाय. आन पोरगी खरं बोलती, ते बी आत्ताच ऐकून घ्या. पटत असंल तर बसा." गावच्या चावडीत ज्यांचा आवाज कधी ऐकू आला नाही, ते आप्पा हे असं ओसरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं बोलत. आई आत कपाळावर हात मारून घेई. पहिले पाहुणे बसलेच नाहीत. दुसरे बसले, चहा प्याले, कळवतो म्हणाले.

तिसरे आले ते सटाण्याच्या बाजूचे. एक म्हातारा आणि त्याचा पुतण्या. आप्पांनी झाकण काढलं आणि आपलं सगळं बोलून दाखवलं. म्हाताऱ्यानं सदऱ्याची बाही वर केली, कणगीत काखेपर्यंत हात घातला आणि वाकून पार तळ चाचपला. हात काही लवकर बाहेर येईना. मग त्यानं मान वर केली आणि आप्पांना त्यांच्याकडच्या अहिराणीत म्हणाला, "आमनीबी अशीच शे." म्हणजे आमचीही अशीच आहे.

आप्पा "बसा" म्हणायला गेले आणि त्यांना रडू आलं. गारा पडल्या त्या दिवशीसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते तसेच झाकण हातात धरून उभे राहिले, आणि आईनं अजून हाक मारलेली नसताना आक्का आतून बाहेर आली, पदर सारखा केला आणि पाहुण्यांसमोर पाटावर येऊन बसली.